एकाच व्यक्तीचे चार क्रेडिट अहवाल वेगळे का निघतात आणि ते शेजारी ठेवून कसे वाचावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरात फ्लॅट घेण्यासाठी आपण आणि आपले पती मिळून गृहकर्जाचा अर्ज करणार आहात. त्याआधी खबरदारी म्हणून आपण स्वतःचे चारही क्रेडिट अहवाल मागवले, तेव्हा स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून काढलेले पतीचे गुण, ७०२ पासून ७६८ पर्यंत चार निरनिराळे निघाले. लग्नाआधी माहेरच्या आडनावाने घेतलेले आणि २०१९ मध्ये पूर्ण फेडलेले शैक्षणिक कर्ज एका अहवालात दिसतच नाही. २०२३ मध्ये बंद केलेले क्रेडिट कार्ड तीन अहवालांत बंद आहे, पण चौथ्यात अजून चालू असून त्यावर ५९० रुपये थकीत दाखवले आहेत. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये तर पाचवाच आकडा दिसतो. यांतला खरा अहवाल कोणता आणि बँक कोणता ग्राह्य धरेल, हे आपण विचारले आहे.

बँकेच्या कर्जविभागात मी बरीच वर्षे काढली आणि आता इंदुरातच कर्जदारांना कागदपत्रांबाबत सल्ला देण्याचे काम करतो. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि दर वेळी विचारणाऱ्याचे लक्ष स्कोअरच्या आकड्यावर खिळलेले असते. माझे म्हणणे असे की चार स्कोअर एकमेकांशी ताडून पाहण्यात काही हाती लागत नाही. ताडून पाहायची ती त्या स्कोअरमागची खाती, एकेक खाते आणि एकेक रकाना. तसे पाहिले की आपण सांगितलेल्या फरकांपैकी दोन फरक चुकाच नाहीत, एक उणीव आहे पण तातडीची नाही, आणि एक मात्र अर्ज करण्याआधी दुरुस्त करून घेतलाच पाहिजे, हे स्पष्ट होते.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चार कंपन्या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवून असे अहवाल देण्याचे काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्याखाली चौघींचा दर्जा सारखाच आहे. सिबिलची स्थापना २००० साली झाली आणि व्यक्तींच्या कर्जांची माहिती देण्याचे काम तिने २००४ मध्ये सुरू केले. बाकीच्या तिघींना परवाने मिळाले ते २०१० साली. सिबिल इतकी आधीची असल्यामुळे बँकेच्या काउंटरवरही चारही अहवालांना सरसकट ‘सिबिल’ म्हटले जाते, आणि म्हणून बँकेचा माणूस ‘तुमचे सिबिल कमी आहे’ असे म्हणाला तरी त्याने नेमका कोणत्या कंपनीचा अहवाल काढला होता, हे विचारून घ्यावे लागते.

या कंपन्या स्वतःहून कोणतीही चौकशी करत नाहीत. बँका, वित्तसंस्था, गृहवित्त कंपन्या, क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था आणि सहकारी बँका ठरावीक नमुन्यात आपल्या कर्जखात्यांची माहिती पाठवतात, ती माणसागणिक एकत्र लावून ठेवणे आणि मागणाऱ्या सभासद संस्थेला देणे, एवढेच त्यांचे काम आहे. अहवालातला एखादा आकडा चुकीचा असला तरी कर्ज देणाऱ्या संस्थेने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरोला, म्हणजे या क्रेडिट माहिती कंपनीला, तो बदलता येत नाही. पुढे दुरुस्तीचा सगळा मार्ग यावरूनच ठरतो, म्हणून हे आधी सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेरच्या पतसंस्थांचे आणि पतपेढ्यांचे व्यवहार या अहवालांत साधारणतः येतच नाहीत. आपल्या मराठी कुटुंबांत अशा पतपेढीचे कर्ज वर्षानुवर्षे नियमित फेडणारे कितीतरी लोक आहेत आणि त्या फेडीचा उपयोग इथे होत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता चार नोंदवह्या वेगळ्या का पडतात ते पाहू. पहिले कारण जुने आहे. कायद्याने कर्ज देणाऱ्या संस्थेला किमान एका क्रेडिट माहिती कंपनीचे सभासद होणे बंधनकारक केले होते, त्यामुळे अनेक संस्था एकीलाच माहिती देत असत. १५ जानेवारी २०१५ रोजी रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की प्रत्येक संस्थेने चारही कंपन्यांचे सभासद व्हावे आणि जुन्या माहितीसह सगळी माहिती चौघींना द्यावी. तेव्हापासून फरक पुष्कळ कमी झाला. तरीही त्याआधीच बंद झालेली कर्जे सगळीकडे सारखी आढळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. त्यात बँकांच्या विलीनीकरणाची भर पडते. इंदूरकरांना आठवत असेल की स्टेट बँक ऑफ इंदौर ऑगस्ट २०१० मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, आणि १ एप्रिल २०२० रोजी तर अनेक सरकारी बँका एकमेकींत मिळाल्या. अशा वेळी कर्जाचा खाते क्रमांक बदलला, तर जुना क्रमांक एका अहवालात चालू राहणे आणि तेच कर्ज नव्या क्रमांकाने दुसऱ्यांदा दिसणे शक्य असते. म्हणून आपल्या ओळखीचे कर्ज दोनदा दिसले तर घाबरून न जाता मंजुरीची तारीख आणि मंजूर रक्कम जुळते का, ते पाहावे.

दुसरे कारण वेळेचे. पूर्वी संस्था महिन्यातून एकदा माहिती पाठवत. ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार १ जानेवारी २०२५ पासून त्यांनी किमान दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती पाठवणे सक्तीचे झाले, आणि आलेली माहिती ५ दिवसांत नोंदवून घेणे ब्युरोला बंधनकारक झाले. तरीही कोणत्याही एका दिवशी चारही नोंदवह्या एकाच तारखेपर्यंत आलेल्या नसतात. समजा, आपल्या कार्डाची मर्यादा १,५०,००० रुपये आहे. १५ तारखेला कार्डावर १,१२,००० रुपये होते, आपण २० तारखेला बिल भरले आणि महिनाअखेरीस शिल्लक १४,००० उरली. पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला आपण दोन अहवाल काढले आणि एकीने महिनाअखेरची माहिती चढवलेली होती, दुसरीने अजून नव्हती, तर पहिल्या अहवालात मर्यादेच्या ९ टक्के वापर दिसेल आणि दुसऱ्यात जवळपास ७५ टक्के. बिल एक दिवसही थकले नसताना केवळ या वापरामुळे दोन स्कोअरमध्ये चांगलेच अंतर पडू शकते. दोन्ही आकडे आपापल्या तारखेला बरोबर आहेत आणि पुढच्या पंधरवड्यात ते आपोआप जवळ येतील. म्हणून प्रत्येक खात्यासमोर छापलेली ‘माहिती नोंदवल्याची तारीख’ आधी वाचावी आणि मगच शिल्लक वाचावी. अहवाल काढल्याची तारीख वर ठळक असते, पण तिचा या बाबतीत उपयोग नाही.

तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. संस्थेने पाठवलेल्या फायलीतली प्रत्येक नोंद ब्युरो तपासून घेतो. जन्मतारीख रिकामी आहे, पॅनचा नमुना चुकला आहे, बंद झाल्याची तारीख आहे पण शिल्लक शून्य नाही, अशा कारणांनी काही नोंदी नाकारल्या जातात आणि संस्थेकडे परत जातात. त्या ७ दिवसांत दुरुस्त करून पुन्हा पाठवाव्यात असा नियम आहे. एका ब्युरोने स्वीकारलेली नोंद दुसऱ्याच्या तपासणीत अडकू शकते. परत आलेली नोंद कोणी वेळेवर दुरुस्त केली नाही तर त्या एका ब्युरोत ते खाते जिथल्या तिथे थांबून राहते. आपल्या बंद कार्डाचे नेमके हेच झाले असावे, त्याकडे पुढे येतो.

चौथे कारण ओळख पटवण्याचे, आणि मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला ते सर्वांत जास्त नडते. ब्युरोकडे येणाऱ्या नोंदीत नाव, जन्मतारीख, पॅन, मतदार ओळखपत्र, फोन आणि पत्ता यांपैकी जे असेल ते घेऊन ‘ही तीच व्यक्ती’ असे संगणक ठरवतो, आणि किती साम्य असले म्हणजे दोन नोंदी एकत्र करायच्या याचे निकष प्रत्येक कंपनीचे वेगळे आहेत. पॅन असले की काम सोपे होते. पण जुन्या खात्यांत, विशेषतः विद्यार्थी असताना घेतलेल्या कर्जांत, पॅन नसतेच. मग सगळा भार नावावर आणि पत्त्यावर येतो.

आता आपल्याकडच्या नावांची अवस्था पाहा. महाराष्ट्रातल्या बँकेत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तिहेरी नाव लिहिले जाते. इंदूरच्या शाखेत पिता अथवा पतीच्या नावाचा रकाना वेगळा असल्याने दुहेरी नाव चढते. ज्ञानेश्वर, ज्ञानदा अशा नावांचे रोमन स्पेलिंग पुण्याच्या बँकेत ‘डी, एन, वाय’ने सुरू होते, तर इथला कारकून हिंदी उच्चाराप्रमाणे ‘जी, वाय’ने लिहितो. वझे, वाघ, वैद्य यांचे पहिले अक्षर कुठे ‘व्ही’ असते, कुठे ‘डब्ल्यू’. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आणि ज्या घरांत सुनेचे नावही बदलण्याची रीत आहे तिथे जुन्या नोंदीशी जुळणारी एक जन्मतारीखच काय ती उरते. पत्ता तर बदललेलाच असतो. याउलट जोशी, कुलकर्णी, शिंदे, पवार या आडनावांची आणि त्याच नावांची माणसे या शहरात इतकी आहेत की एकाच्या अहवालात दुसऱ्याचे दुचाकीचे कर्ज शिरलेले मी अनेकदा पाहिले आहे. एकाच माणसाचे तुकडे होणे आणि दोन माणसे एकात मिसळणे हे दोन्ही दोष याच एका जागी जन्म घेतात, आणि ते बहुधा चारांपैकी एका किंवा दोन अहवालांतच आढळतात, कारण चौघींचे जुळवणीचे निकष एक नाहीत.

आपले शैक्षणिक कर्ज एका अहवालात नाही त्याचे कारण मी इथेच शोधेन. ते माहेरच्या आडनावाने, माहेरच्या पत्त्यावर आणि बहुधा पॅनशिवाय नोंदलेले असणार. तीन कंपन्यांनी जन्मतारीख आणि अन्य ओळखीवरून ते आपल्याशी जोडले. चौथीकडे ते कुठेतरी वेगळ्या नावाखाली सुटे पडून राहिले असावे. तिच्या दृष्टीने आपला कर्जव्यवहार पहिल्या क्रेडिट कार्डापासूनच सुरू होतो. इतिहास आखूड आणि त्यात वेळेवर फेडलेले मोठे कर्ज नाही, म्हणजे स्कोअर थोडा कमी येणे स्वाभाविक आहे.

राहिला स्कोअर. चौघींची मोजपट्टी आज ३०० ते ९०० अशीच आहे आणि त्यामुळेच हे आकडे एकमेकांशी थेट ताडता येतात असा समज होतो. पण प्रत्येकीचे सूत्र तिचे स्वतःचे आहे, ते ती जाहीर करत नाही, आणि एकाच कंपनीच्या सूत्राच्या जुन्या व नव्या आवृत्त्याही वापरात असू शकतात. वेळेवर फेड, मर्यादेच्या मानाने वापर, खात्यांचे वय, तारणी आणि विनातारण कर्जांचे प्रमाण, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, हे घटक सगळीकडे आहेत. कोणाला किती वजन द्यायचे ते निराळे. दोन पंचांगांचे गणित वेगळे असले की एखादा सण दोन दिवशी येतो, तसेच हे आहे. चारही अहवालांतली खाती शब्दशः सारखी असती तरी आपले चार स्कोअर थोडेफार वेगळेच आले असते. म्हणून ७६८ आणि ७५० यांतल्या फरकाचे कारण शोधत बसू नये. ७०२ मात्र इतरांपासून इतका दूर आहे की त्यामागे सूत्राखेरीज काही असणार, असे समजून त्या अहवालातली खाती तपासावीत.

चौकशांचा रकाना प्रत्येक अहवालात वेगळा असणारच, आणि तो वेगळा दिसला म्हणून तक्रार करू नये. आपण एखाद्या बँकेत अर्ज केला की ती ज्या कंपनीचा अहवाल मागवते, तिच्याचकडे त्या चौकशीची नोंद पडते. बाकी तिघींना त्याचा पत्ताही नसतो. एखाद्या एजंटाने आपला एकच अर्ज पाच ठिकाणी फिरवला असेल तर त्यातल्या तीन चौकशा एका अहवालात आणि दोन दुसऱ्यात असे चित्र दिसते. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. आपल्या संमतीशिवाय कोणी अहवाल पाहिला का, हे कळण्याची सोयही आता आहे: रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार एखाद्या संस्थेने आपला अहवाल पाहिला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. त्यासाठी चारही कंपन्यांकडे आपला चालू मोबाइल क्रमांक असला पाहिजे.

आता वाचण्याची रीत. एका मोठ्या कागदावर आपली सगळी खाती डाव्या बाजूला लिहा, मग ती अहवालात असोत वा नसोत. स्वतःच्या आठवणीतून आणि बँकेच्या पासबुकांतून ही यादी आधी करा, नाहीतर जे अहवालात नाही ते सुटून जाते. समोर चार उभे रकाने आखा. प्रत्येक चौकटीत खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, मंजूर रक्कम किंवा मर्यादा, शिल्लक, थकीत रक्कम, खात्याची स्थिती, माहिती नोंदवल्याची तारीख आणि आपण कर्जदार आहात, सहकर्जदार की जामीनदार, एवढे लिहा. जामीनदारीची चौकट कोणी भरत नाही आणि नंतर तीच अडवते. मित्राच्या किंवा मेहुण्याच्या कर्जाला दिलेली सही त्याचे हप्ते थकले की आपल्या अहवालात उतरते. ज्या वित्तसंस्थेचे नाव आपण कधी ऐकले नाही ते दिसले तर लगेच फसवणूक समजू नये. ॲपवरून हप्त्याने घेतलेल्या वस्तूंचे कर्ज ॲपच्या नावाने न येता त्यामागच्या वित्तसंस्थेच्या नावाने येते, आणि २०२२ च्या डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार अशी छोटी कर्जेही ब्युरोला कळवणे सक्तीचे आहे.

त्यानंतर परतफेडीची पट्टी वाचा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची रांग असते आणि प्रत्येक महिन्याच्या चौकटीत हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेले असते. तीन शून्ये म्हणजे थकबाकी नाही. ०३० म्हणजे त्या महिन्याच्या स्थितीला ३० दिवस थकीत. इंग्रजी एक्सची तीन अक्षरे असतील तर त्या महिन्याची माहिती आलीच नाही, असा अर्थ. ती थकबाकीची खूण नाही, हे मी जवळजवळ प्रत्येकाला समजावून सांगतो. एका अहवालात मार्चची चौकट शून्यांची आणि दुसऱ्यात एक्सची असेल तर ती नोंद दुसरीकडे पोहोचली नाही, एवढेच, आणि त्यासाठी भांडण्याची गरज नाही. पण एका अहवालात शून्ये आणि दुसऱ्यात त्याच महिन्यात ०३० किंवा त्याहून मोठा आकडा असेल, तर त्या महिन्याचा बँकेचा उतारा काढून ठेवा, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. खात्याची स्थितीही नीट वाचा. पूर्ण फेडून बंद झालेले खाते आणि तडजोडीने कमी रक्कम देऊन मिटवलेले खाते यांत कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

आता आपल्या कार्डाकडे येऊ. चौथ्या अहवालात त्या खात्याची नोंदवल्याची तारीख कोणती आहे ते आधी पाहा. ती २०२३ मधलीच असेल आणि त्यानंतर काहीच नोंद नसेल, तर कार्ड बंद केल्याची नोंद तिथवर पोहोचलीच नाही, असे समजावे. ती तारीख अगदी अलीकडची असेल तर प्रकरण वेगळे आहे: बँकेच्या स्वतःच्या खातेवहीतच ५९० रुपये उभे आहेत. ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९० रुपये, मिळून बरोबर ५९० होतात, त्यामुळे बंद करण्याच्या विनंतीनंतर हे शुल्क लागले असावे असा माझा कयास आहे. म्हणून आधी बँकेकडून त्या कार्डाचा अखेरचा उतारा लेखी मागवा आणि तो हाती आल्याशिवाय पैसे भरू नका. फोनवर कोणी ‘सेटलमेंट करून टाका’ म्हटले तर मुळीच ऐकू नका. ५९० रुपयांसाठी अहवालावर तडजोडीचा शिक्का बसेल आणि तो वर्षानुवर्षे राहील, कारण ही माहिती किमान ७ वर्षे जपून ठेवण्याचा नियम आहे. २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांनुसार काहीही देणे बाकी नसलेले कार्ड विनंती आल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. विनंतीचा ईमेल किंवा सेवा क्रमांक आपल्याकडे असेल तर शुल्क रद्द करून घेण्यास अडचण येऊ नये.

बँकेला पत्र लिहिताना ‘माझे सिबिल दुरुस्त करा’ असे मोघम लिहू नये. असे पत्र फिरत राहते. पत्रात एवढेच असावे: ‘माझे क्रेडिट कार्ड, शेवटचे चार अंक अमुक, माझ्या अमुक तारखेच्या विनंतीनुसार बंद झाले. सोबत जोडलेल्या अहवालात, ज्याचा अहवाल क्रमांक अमुक आहे, ते चालू दाखवले असून ५९० रुपये थकीत दाखवले आहेत. बाकी तीन अहवालांत तेच खाते बंद आहे. त्यांच्या प्रती जोडल्या आहेत. खात्याची स्थिती, बंद झाल्याची तारीख, शिल्लक आणि थकीत रक्कम हे चार रकाने दुरुस्त करून माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी आणि पाठवल्याची तारीख मला कळवावी.’ हे पत्र शाखेत देऊन पोच घ्यावी आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेलने पाठवावे. त्याच दिवशी त्या ब्युरोच्या संकेतस्थळावरही त्याच चार रकान्यांबद्दल तक्रार नोंदवावी. दोन्ही एकदम करण्याचे कारण असे की ब्युरोकडची तक्रार बऱ्याचदा त्या एकाच नोंदवहीपुरती मिटते, आणि बँकेच्या मूळ खातेवहीत दोष असेल तर तो पुढच्या पंधरवड्याच्या फायलीबरोबर पुन्हा अवतरतो.

मुदतीचा हिशेब असा आहे. तक्रार आल्यापासून २१ दिवसांत कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्त माहिती ब्युरोला पाठवायची आणि एकूण ३० दिवसांत तक्रार निकालात काढायची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आपल्याला मिळते; चूक संस्थेची असेल तर संस्था देते, संस्थेने वेळेत माहिती देऊनही ब्युरो थांबला असेल तर ब्युरो देतो. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि भरपाईसाठी आपला बँक खाते क्रमांक तक्रारीतच द्यावा. केवळ स्कोअर कमी का, या तक्रारीला मात्र ही भरपाई लागू नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क करता येते, आणि सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्या योजनेच्या कक्षेत आहेत.

शैक्षणिक कर्जाबाबत माझा सल्ला सबुरीचा आहे. ज्या शाखेने ते दिले तिला विवाह प्रमाणपत्र, पॅन आणि नाहरकत दाखल्याची प्रत देऊन आपले आजचे नाव व पॅन त्या बंद खात्याला जोडून चौथ्या कंपनीकडे माहिती पाठवण्याची विनंती अवश्य करा. परंतु बंद झालेल्या खात्यावर काम करायला शाखा वेळ लावतात, आणि चांगले कर्ज अहवालात नसणे हा दोष अर्ज फेटाळण्याइतका मोठा नाही. त्यासाठी फ्लॅटचा व्यवहार थांबवू नका. अर्जासोबत नाहरकत दाखला जोडून एका ओळीत खुलासा लिहिला तरी कर्ज अधिकाऱ्याचे समाधान होते.

ॲपवरच्या पाचव्या आकड्याचे कोडे लगेच सुटते. अशी ॲप्स स्वतः काही मोजत नाहीत; चौघींपैकी एखादीचा स्कोअर दाखवतात आणि तोही शेवटच्या वेळी मागवलेला असतो. आकड्याखाली बारीक अक्षरांत कंपनीचे नाव आणि तारीख असते. बहुधा त्यातला आकडा आपल्या चारांपैकीच एकाचे जुने रूप निघेल. मूळ अहवाल मात्र कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरूनच घ्यावेत. प्रत्येकीकडून दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल स्कोअरसह मोफत मिळण्याचा आपला हक्क जानेवारी २०१७ पासून आहे. एरवी मी लोकांना दर तिमाहीला एका कंपनीचा अहवाल काढून वर्षभर नजर ठेवायला सांगतो. मोठ्या कर्जाच्या आधी मात्र चारही एकाच दिवशी काढावेत, म्हणजे तारखांचा गोंधळ कमी होतो, आणि तेच आपण केले आहे.

बँक कोणता अहवाल धरेल, याचे उत्तर असे की ती ज्या कंपनीचा मागवेल तो. काही बँका एक काढतात, काही दोन, आणि त्याशिवाय त्यांचे स्वतःचे अंतर्गत गुणांकन असते. ७५० च्या वर असले की चांगले, असे सगळे म्हणतात, पण अशी कोणतीही रेषा रिझर्व्ह बँकेने आखलेली नाही. प्रत्येक बँक आपली रेषा स्वतः ठरवते आणि व्याजदराचे टप्पेही तिच्यावर बांधते. अर्ज देण्याआधी शाखेत विचारले तर कोणता ब्युरो वापरतात ते सांगतात. ती ७०२ वालीच कंपनी निघाली, तर कार्डाची दुरुस्ती होऊन नव्या तारखेचा अहवाल हाती येईपर्यंत थांबावे. महिना-सव्वा महिन्याचा प्रश्न आहे. दुसरी निघाली तर दुरुस्तीची तक्रार चालू ठेवून अर्ज देण्यास हरकत नाही, फक्त तो एकाच बँकेत द्यावा आणि एजंटाला तो इतरत्र न पाठवण्याविषयी लेखी सांगावे. आपल्या पतींचे अहवाल काढल्याचा उल्लेख आपण केलेला नाही. संयुक्त अर्जात दोघांचेही अहवाल पाहिले जातात, आणि त्यांचा व्यवसाय सियागंजातल्या किंवा कापड बाजारातल्या अनेकांप्रमाणे स्वतःच्या मालकीचा असेल तर व्यवसायाच्या कर्जांचा वेगळा व्यावसायिक अहवालही बँक मागवू शकते, तेव्हा वर सांगितलेला चार रकान्यांचा कागद त्यांच्याही खात्यांचा करून घ्यावा आणि त्यात त्यांनी कोणासाठी जामीन राहून सही केली आहे का, हे त्यांनाच विचारून भरावे.